चौथं बटण

ओला पालापाचोळा, पुऱ्या तळल्याचं तेल आणि डिझेल हे तीन वास एकत्र आले की माझ्या मनात दसरा उजाडतो. इंग्लंडातल्या मेडनहेडच्या आमच्या घरात तो दर ऑक्टोबरात असाच यायचा: मागच्या अंगणातल्या बर्चची पानं पिवळी होऊन हिरवळीवर निजलेली, तिरप्या, पातळ, पाण्यात मध कालवल्यासारख्या उन्हात कुंपणावरची आयव्हीची वेल तुकतुकणारी. आपटा तिथे कुठला मिळायला! मग त्या आयव्हीचीच पानं मी सोनं म्हणून तोडून आणायची, ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगून श्रीखंड करायची, आणि देवापुढचा दिवा लावून झाला की तबक घेऊन गॅरेजमध्ये गाडीची पूजा करायला निघायची. रेशमी साडी, त्यावर लोकरी कार्डिगन, पायांत बोळक्यासारख्या सपाता. शेजारच्या बाई खिडकीतून पाहायच्या, आणि मी त्यांना महाराणीसारखा हात करायची.

ज्या दसऱ्याची ही गोष्ट, तेव्हा ती मी बावन्न वर्षांची होते. आता अठ्ठ्याहत्तर उलटल्यावर मला ती अगदीच पोर वाटते, आणि पोरीसारखीच मूर्खही. डॉक्टरांची बायको या पदवीशिवाय तिच्यापाशी दुसरी पदवी नव्हती, म्हणून तिला मुलाची पदवी हवी होती. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर जी दुसरी आरती चाले, कुणाची मुलगी मेडिसिनला, कुणाचा मुलगा बँकेत, तिच्यात टाळ वाजवायला ही बया सगळ्यांत पुढे! केदार मँचेस्टरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे ती न विचारताच सांगे. त्या वर्षी त्याने अभ्यास सोडून गावाबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरायचं मनात घेतलं आहे, हे मात्र तिने भिंतीलाही कळू दिलं नव्हतं.

त्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या इंजिनांतले संगणक नव्याने लिहीत. इंजिनालाही मेंदू असतो, पत्र्याच्या डबीएवढा, आणि कोणत्या वेगाला किती इंधन, किती हवा याचे त्यात तक्ते असतात, हे मला केदारनेच सांगितलं. कारखाना ते तक्ते सगळ्या जगासाठी जपून, हात राखून लिहितो. जाणकार माणूस ते एकेका गाडीपुरते बेताने बदलतो. "आई, तू आमटीत मीठ कसा टाकते? आधी थोडा, मग चव बघते, मग थोडा. सेम थिंग." इंग्लंडात वाढलेल्या माझ्या मुलाच्या मराठीत मीठ, वीज, गाडी सगळे पुल्लिंगी असत, आणि त्या मराठीत तो इतक्या तळमळीने बोले की ऐकणाऱ्याचा जीव गोळा व्हावा. मी मात्र तेव्हा त्याचं व्याकरण सुधारत बसले.

डॉक्टर माझ्यासारखे नव्हते. त्यांनी महिनाभर ऐकून घेतलं आणि एके दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या गाडीवर कर. नीट झालं तर कॉलेज सोड, मी अडवणार नाही. बिघडलं तर पदवी पुरी करायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?" केदार कबूल झाला. मग एखाद्या शस्त्रक्रियेची चौकशी करावी तशी त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली, आणि मध्येच उलटलं तर काय, या प्रश्नावर तो शांतपणे म्हणाला, की आधी मूळ फाइल जशीच्या तशी वाचून दोन ठिकाणी ठेवायची, त्याशिवाय एका आकड्यालाही हात लावायचा नाही. डॉक्टरांच्या भुवया किंचित वर गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक एवढंच दिसत असे, आणि ते मला दिसलं. आता हा जिंकणार, असं वाटलं; आणि स्वतःच्या पोटच्या गोळ्याबद्दल असं वाटताना मला लाजही वाटली नाही.

दसऱ्याचा दिवस त्यानेच निवडला. मी गाडीला झेंडूची माळ घातली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, लॅपटॉपलाही एक बोट लावलं, तेव्हा तो हसत हसत "आई, स्क्रीनवर नको!" म्हणून ओरडला. किती नेटकेपणाने मांडलं होतं त्याने सगळं! दिवे बंद, रेडिओ बंद, दारं मिटलेली, मूळ फाइलची सीडी पाकिटात घालून फळीवर ठेवलेली. नवे आकडे लिहिले जात असताना संगणकाचा वीजपुरवठा क्षणभरही डळमळता कामा नये, म्हणून गाडीच्या बॅटरीला एक चार्जर जोडलेला. आणि गॅरेजमधल्या एकुलत्या एक सॉकेटवर त्याचा भरवसा नसल्यामुळे चार्जरची नारिंगी वायर दाराखालून थेट माझ्या स्वयंपाकघरात आलेली. ओट्यावर चार बटणं ओळीने होती. किटली, टोस्टर, मिक्सर, आणि चौथ्याला ती वायर. "आई, हा बंद नाही करायचा हं. बॅटरी जुना आहे. लिहिताना वीज गेला तर सगळा संपेल." मी म्हटलं, "बरं."

आता माझ्या हाताची गोष्ट सांगायला हवी. सांगलीतल्या आमच्या घरात खोली सोडताना बटण बंद न करणं हे जवळजवळ पाप होतं. वडील नुसते पुन्हा आत जाऊन बटण बंद करून येत आणि आमच्याकडे पाहत. तो हात मी विलायतेत घेऊन आले. इथल्या बटणांच्या माथ्यावर एक लाल रेघ असते, चालू असेल तर दिसते, बंद केलं की लपते. माझ्या घरात वापर नसताना लाल रेघ म्हणून दिसायची नाही. डॉक्टर म्हणत, ही एक दिवस माझाही पेसमेकर बंद करील.

दुपारचे बारा वाजत आले होते. गॅरेजमधून गाडीच्या पंख्याचा एकसुरी घुमघुमाट येत होता; इंजिन बंद, पण लिहिणं चालू असताना तो पंखा अखंड फिरत होता. शेवटची पुरी फुगली, मी ती निथळून काढली, गॅस मालवला, पदराला हात पुसला, आणि माझा हात ओट्यावरून सरकत गेला. टक. टक. टक. टक.

पंखा आणखी काही क्षण तसाच फिरत राहिला, मग त्याचा स्वर खाली, खाली उतरत गेला, जणू कुणी दूर जाता जाता गुणगुणणं थांबवलं असावं. आणि दारापलीकडून केदारचा आवाज आला, "नो, नो, नो," अगदी हळू, झोपेतल्यासारखा. मी चौथ्या बटणाकडे पाहिलं. लाल रेघ दिसत नव्हती. मी ते पुन्हा चालू केलं.

तो धावत आला तेव्हा चौथ्या बटणावर लाल रेघ होती आणि मी पुऱ्या डब्यात रचत होते. त्याने वायर चाचपली, फ्यूज पाहिला, परत गेला. अर्धवट लिहिलेला तो मेंदू आता ना जुना राहिला होता ना नवा झाला होता. किल्ली फिरवली तर गाडी हूं की चूं करत नव्हती. "माझाच चूक," तो बाबांना म्हणाला. "नवा बॅटरी लावायला पाहिजे होता." मग मान वर करून म्हणाला, "पण हा मेला नाही, बाबा. बाहेर काढून टेबलावर उघडला तर परत जागा करता येतो. ओरिजिनल आहे माझ्याकडे. दोन दिवस द्या. प्लीज."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा होकार असता तर त्यांनी दोन दिवसच काय, दोन महिने दिले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "पुरे झालं."

संध्याकाळी केदारने आम्हा दोघांना आयव्हीचं सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. श्रीखंड छान झालंय म्हणाला. तो शब्दाचा पक्का निघाला. गॅरेजवाल्याने गाडीत नवा संगणक बसवला, केदार मँचेस्टरला परतला, त्याला उत्तम गुण मिळाले, आणि मी मंडळात टाळ वाजवले. आज तो कार्डिफला एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सुस्वभावी आहे, दर रविवारी फोन करतो, हवापाण्याचं विचारतो. स्वतःच्या गाडीचं बॉनेट मात्र त्याने गेल्या वीस वर्षांत उघडलेलं मी पाहिलेलं नाही. पूर्वी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून तो तिची प्रकृती सांगायचा, जेवता जेवता घास हातात धरून कान टवकारायचा. आता गाड्या जातात, आणि तो जेवत राहतो. काही वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. "पोराने शब्द पाळला," असं ते अभिमानाने सांगत असत. त्यांनाही मी सांगितलं नाही.

घर विकताना गॅरेजच्या फळीवर ती सीडी सापडली. पाकिटावर केदारच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत, मीच शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: "बाबांची गाडी. ओरिजिनल." आयुष्यात एकदाच त्याने गाडीला स्त्रीलिंग बरोबर लावलं होतं, आणि ती गाडी केव्हाच भंगारात गेली होती. सीडी माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

तुम्ही विचाराल, ती सवय होती की इच्छा? मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता प्रश्नच झिजून गुळगुळीत झाला. चार वेळा टक वाजलं, एवढं मला आठवतं. तिसऱ्या आणि चौथ्या टकच्या मध्ये किंचित जास्त वेळ गेला होता की काय, हे मात्र काही केल्या आठवत नाही. आणि खरं तर त्याने फारसा फरकही पडत नाही, कारण "पुरे झालं" हे हाताने म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एकही बटण बंद केलं नाही. डॉक्टर म्हणायचे, बाई इंग्लंडला येऊन शेवटी उधळी झाली.

गेल्या दसऱ्याला मी केदारकडे होते. सकाळची वेळ, खिडकीबाहेर कार्डिफचा तो बारीक, अंगाला न लागता भिजवणारा पाऊस. मी चहासाठी पाणी उकळलं, कपांत ओतलं, आणि ओट्यापासून वळले. तो दारात उभा होता, कधीपासून कोण जाणे.

"आई," तो म्हणाला, "तू पूर्वी सगळे बटणं बंद करायची. बाबा हसायचे. कधी थांबली?"

मी आयुष्यभर खोड्या केल्या आहेत, उत्तर माझ्या जिभेवर तयारच असतं. "कंबर वाकत नाही रे आता," मी म्हटलं.

बटणं माझ्या छातीच्या उंचीवर होती. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किटलीच्या बटणावरची लाल रेघ दोघांच्या मध्ये तशीच होती. त्याने माझा कप टेबलावर ठेवला, समोरची खुर्ची ओढून बसला, आणि दिवसभर कुठेही जायचं नसलेल्या माणसासारखा वाट पाहू लागला.