क्वेकर विहिणीची कादंबरी

मैत्रिणीच्या मुलाने तिकडे इंग्लंडात लग्न ठरवलं आणि ताप झाला माझ्या डोक्याला. मुलगी क्वेकर घरातली. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ, एवढं मी मैत्रिणीला सांगितलं. तेवढ्याने तिचं कुठलं भागायला! प्रभादेवीच्या आमच्या वाचनकट्ट्यावर तिने जाहीर करून टाकलं, "या महिन्यात क्वेकर लोकांची कादंबरी वाचायची. माहितीबिहिती नको. विहीणबाई घरात कशा बोलतात, कशावरून चिडतात, ते मला कळू दे." सगळ्या जणी 'हो हो' म्हणाल्या, शोधायचं काम माझ्या गळ्यात मारलं आणि चहाकडे वळल्या. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय?

दादरच्या लायब्ररीत एक पुस्तक मिळालं, मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली बाई. घरी येऊन वाचते तो भलताच पंथ, घोडागाडीतून फिरणारा. गिरगावातला जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला, "ख्रिश्चनच ना? मग हे घ्या," आणि नाताळच्या गोष्टी पुढे केल्या. शेवटी मोबाइलवरून दोन-तीन कादंबऱ्या मागवल्या. सगळ्यांत तेच. जुन्या अमेरिकेतले क्वेकर येतात, मालकाकडून पळून आलेल्या गुलामाला तळघरात लपवतात, गरम सूप पाजतात आणि गायब! एक बाई सुनेवर खेकसत नाही, कुणाचं दूध उतू जात नाही. वैतागून मी ती पुस्तकं मैत्रिणीपुढे आपटली. तिने निमूट वाचली आणि म्हणाली, "सगळीच देवमाणसं गो. अशा बाईशी मी बोलू काय?"

कट्ट्याच्या दिवशी मी क्वेकरांच्या लग्नाची रीत सांगितली. पाद्री नाही, मंत्र नाहीत, मंगलाष्टकांसारखं काही नाही. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं.

"बघू या पाच मिनिटं बसून," कुणीतरी म्हणालं. कसली पाच मिनिटं! लगेच एकीला गॅस बंद केला की नाही ते आठवलं, दुसरीला हसू फुटलं. मी चिडून त्यांना गप्प करणार, तेवढ्यात मैत्रीण उठून उभी राहिली. लालबागच्या चाळीत आईशी बोलायची त्या मालवणीत, जणू मुलाची सासूच समोर बसलीय अशी, म्हणाली, "माझ्या झिलाक सांभाळून घेवा."

मग माझ्याकडे वळून तिने तिथल्या लग्नाचं विचारलं, "थंय आपल्या भाषेत बोललंय तर चलात मां गो?"

इतकी पुस्तकं धुंडाळली, एकातही याचं उत्तर नव्हतं. "न चालायला काय झालं!" मी जवळजवळ ओरडलेच.