अहस्तांतरणीय पास आणि लबाड व्याही

मराठीत एम.ए. केलेल्या माणसाने टोल नाक्यावर तोंड उघडू नये.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला समजावून सांगेपर्यंत चहा थंड व्हायचा आणि त्याला ते समजलं की स्थळही थंड व्हायचं. असे बरेच चहा थंड झाल्यावर आरमोरीच्या वामनरावांनी होकार दिला. त्यांची राईस मिल होती आणि वंदना नावाची मुलगी होती. तिला पाहायला गेलो तेव्हा घाबरून मी पेल्यातलं पाणी चहाच्या बशीत ओतलं. तिने गंभीर चेहऱ्याने नवी बशी आणून दिली आणि दाराआड जाऊन मनसोक्त हसली. ते हसणं मला ऐकू आलं आणि मला ती आवडली. आवडली म्हणजे इतकी, की परतीच्या एस.टी.त मी कंडक्टरला आरमोरीचंच तिकीट मागितलं!

वामनराव निघताना म्हणाले, "मास्तर, हुंडा नको, मानपान नको. मले दोनच गोष्टी खपत नाईत. एक खोटं बोलनं आन् दुसरं उशिरा येनं. साक्षगंधाच्या दिवशी यातलं एक जरी दिसलं, त आपला नारळ आपन वापस घेऊन जा."

(साक्षगंध म्हणजे साखरपुडा. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं.)

आता पासबद्दल. बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. मालासाठी सारखं जाणं-येणं, म्हणून त्यांनी आमच्या पांढऱ्या मारुती व्हॅनसाठी टोल नाक्याचा महिन्याचा पास काढला होता. पास काचेवर चिकटवायचा आणि नाक्यावरून ऐटीत निघून जायचं. बाबांना त्या पासचं भारी कौतुक! काम नसलं तरी संध्याकाळी आईला गाडीत बसवून नाका ओलांडायचे आणि पुन्हा परत यायचे. "काऊन गेले होते?" असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "काऊन म्हणजे? पास हाय ना!"

साक्षगंधाच्या सकाळी व्हॅन दोनदा खोकली आणि गप्प झाली. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली. मी नवा कोरा सदरा घालून ढकलत होतो, आई लाडवांचा डबा कमरेवर घेऊन ढकलत होती आणि बाबा आत बसून "लावा, जोर लावा!" म्हणत होते. व्हॅन हलली, पण सुरू झाली नाही. आई मटकन पायरीवर बसली. मला डोळ्यांसमोर वामनरावांचा नारळ दिसू लागला.

एवढ्यात भोंग्याचा आवाज आला आणि देवासारखा गुलाबमामा आला.

गुलाबमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. रात्री झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या धानपट्ट्यातल्या, नाटकात खलनायक व्हायचा आणि दिवसा त्याच नाटकाची जाहिरात करत गावोगाव जीप फिरवायचा. वडसाला निघाला होता, वाटेत बहिणीकडे चहा घ्यायला वळला होता.

"रडून काऊन राह्यली बाई? बसा सारे माह्या जीपमंधी! आरमोरी त माह्या वाटेवरच हाय," मामा म्हणाला.

आम्ही आनंदाने जीपकडे पाहिलं आणि आनंद जागीच विरला. जीप हिरवीगार होती. टपावर दोन भोंगे होते आणि भोंग्यांच्या मधोमध भली मोठी पाटी. पाटीवर लाल अक्षरात लिहिलं होतं: 'तीन अंकी संगीत नाटक – लबाड व्याही!'

"हे घेऊन व्याह्याच्या दारात जाचं?" आई किंचाळली.

"नाटक चांगलं हाय बाई. तिसऱ्या अंकात व्याही सुधरते," मामा म्हणाला.

शेवटी आईने पलंगावरची चादर काढली आणि आम्ही ती पाटीवर बांधली. आता निघायचं, तर बाबा गायब! पाहतो तर बाबा व्हॅनच्या काचेसमोर उभे.

"परमोद, हा पास जीपले लावता येते का?"

"भाऊजी, टोल मी भरतो ना!" मामा म्हणाला.

"पास असून भराचा?" बाबांचा आवाज चढला. "पास का शोभेसाठी काढला हाय? परमोद, तू शिकलेला हायेस. खाली काय लिहिलं हाय ते वाच."

मी वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हा पास अहस्तांतरणीय आहे.'

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण 'अहस्तांतरणीय' असा घसघशीत शब्द समोर आल्यावर तासिका तत्त्वावरचा मास्तर गप्प बसेल? (तासाचे पैसे मिळत नसतानाही!) मी घसा साफ केला.

"बाबा, हस्त म्हणजे हात. हस्तांतर म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाणं. म्हणजे हा पास तुम्ही दुसऱ्या माणसाला देऊ शकत नाही. आपण तर तो एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेतोय. हात तुमचाच आहे!"

बाबांचे डोळे भरून आले. "बघा गुलाबराव! एम.ए. उगाच नाई केलं पोरानं!"

पास निघता निघेना. आईने कढत पाणी ओतलं. बाबांनी स्वयंपाकघरातलं उलथणं आणून हळूहळू खरवडला. मग जीपच्या काचेला लावायला डिंक सापडेना, तेव्हा आईने पातेल्यातली भाताची शितं काढून चोळली. एवढ्या उपद्व्यापात मुहूर्त जवळ आला आणि आम्ही सुसाट निघालो. बाहेर पडतानाच एका खड्ड्यात जीपचा सायलेन्सर गळून पडला. त्यानंतर आत बसून एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

नाका आला. बाबांनी सवयीने हात वर केला. आडवा बांबू काही वर गेला नाही.

नाक्यावरचा माणूस काचेजवळ आला. त्याने पास पाहिला, मग जीप पाहिली, मग भोंगे पाहिले.

"काका, पास त व्हॅनचा हाय."

"हो. आमचीच हाय व्हॅन."

"मंग कुठी हाय?"

"घरी."

"मंग पासही घरीच ठेवाचा ना!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरलो. "हे पाहा भाऊ," मी सुरुवात केली, "'अहस्तांतरणीय' या शब्दाची फोड आपण आधी समजून घेऊ." मी हस्त सांगितलं, अंतर सांगितलं, 'अ' हा उपसर्ग सांगितला. ओघाओघात 'हस्तक्षेप' आणि 'हस्ताक्षर'ही सांगून टाकलं. मागे ट्रक लागले, लाकडाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली लागली, एस.टी. लागली. सगळे हॉर्न वाजवू लागले.

"तुमी मास्तर हायेत का?" त्याने मध्येच विचारलं.

"हो! कसं ओळखलं?"

"झोप येऊन राह्यली म्हणून."

हॉर्न काही थांबेनात. तेव्हा मामाने आतून माईक काढला आणि भोंग्यावरून गर्जना केली, "रसिकहो, शांतता राखा! पयला अंक संपतच आला हाय!" एस.टी.तल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाने खूश होऊन माईक आईकडे दिला आणि आईने तो नीट पदरात गुंडाळून लाडवांच्या डब्यावर ठेवला. बंद मात्र कोणीच केला नाही.

नाक्यावरच्या माणसाने पास जप्त करायला हात घातला. पण आमच्या आईचा भात! पास अर्धा फाटला. 'अहस्तां' त्याच्या हातात आलं आणि 'तरणीय' काचेवरच राहिलं. बाबांनी असा हुंदका दिला की तो माणूसही चपापला. शेवटी मामाने गुपचूप टोल भरला आणि बांबू वर गेला.

तोवर मुहूर्त टळला होता.

"आता?" आई म्हणाली. "वामनराव साक्षगंध मोडतीन ना वो!"

मला वंदनाचं ते दाराआडचं हसणं आठवलं आणि वाटलं, संपलं सगळं. एका शब्दापायी संपलं.

"काई मोडत नाई!" बाबा ओरडले. (सायलेन्सर नव्हता ना!) "टोलचं सांगाचंच नाई. सांगू का रस्त्यात वाघ आडवा आला होता."

आमच्या भागात ही सबब इतकी चालते की शाळेतली पोरंसुद्धा वापरतात. मामामधला कलाकार लगेच जागा झाला.

"भाऊजी, असं गुळमुळीत नाई चालत. तालीम करून घ्या. मी वामनराव. हां, 'काऊन उशीर झाला?' बोला!"

"वाघ आला होता!"

"अजून भीती पायजे! कापत बोला!"

"व्या-व्याहीबुवा! वा-वाघ!"

"वाघीण म्हना," आई ओरडली. "संग दोन पिल्लं होती म्हना. पिल्लं असली का जास्त वेळ थांबा लागते."

"वाघच बरा. पिल्लं काय करून राह्यली होती असं विचारलं त?"

"खेळत होती म्हना!"

"नर का मादी, ते आधी एक ठरवा!" मामा वैतागला. "परमोद, तू फक्त मान हालव. तुह्या तोंडातून शब्द निघाला का घात होते!"

मी मान हलवायचा सराव करू लागलो. वाऱ्याने टपावरची चादर केव्हाच उडून गेली होती, हे आम्हाला कुठे माहीत! वाटेतल्या जंगलात आमची तालीम फक्त वानरांनी ऐकली असेल. पण आरमोरीच्या बाजारातून जाताना मात्र लोक दुकानांतून बाहेर येऊन आमच्याकडे पाहू लागले. पोरं जीपमागे पळू लागली. धानाच्या पोत्यांवर बसलेले हमाल उठून उभे राहिले.

"पाहा, जवाई येऊन राह्यला म्हणून किती कौतुक हाय गावाले!" आई म्हणाली.

बाबांनी कान टवकारले. "या गावात कोनाचा तरी आवाज सेम माह्यासारखा हाय," ते म्हणाले.

"मस्त हाय, भारदस्त!" मामा म्हणाला. "चला, एक डाव शेवटचं! 'काऊन उशीर झाला?'"

"वाघीण! दोन पिल्लं! खेळत होती!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो आणि जीप वामनरावांच्या मांडवात शिरली.

मांडव गच्च भरला होता. सगळे आमच्याकडे पाहत होते. वामनराव हाताची घडी घालून समोर उभे होते. त्यांची नजर टपावर गेली. 'लबाड व्याही!' त्यांनी ते सावकाश वाचलं.

बाबा थरथरत खाली उतरले. "व्या-व्याहीबुवा! का सांगू, रस्त्यात..."

"बसा," वामनराव म्हणाले. "पानी घ्या. आन् पयले एक सांगा, शेवटी वाघीण ठरली का वाघ?"

आईने डब्यावरचा पदर बाजूला केला आणि माईककडे पाहिलं. "अगं बाई!" ती म्हणाली. "अगं बाई!" भोंगाही म्हणाला.

"खोटं बोलनं आन् उशिरा येनं," वामनरावांचा आवाज चढला. "दोनच गोष्टी सांगतल्या होत्या. तुमी दोनी एकाच गाडीत भरून आनल्या! बरं मास्तर, तुमी बोला. होता का वाघ?"

मामाने मला मान हलवायची खूण केली. मी मान हलवली, पण घाबरून आडवी हलवली. मग म्हटलं, आता बोलूनच टाकू. वंदना तर हातची जाणारच आहे.

"वाघ नव्हता," मी म्हणालो. "टोल नाका होता. व्हॅनचा पास आम्ही जीपला लावला. बाबांची चूक नाही, अर्थ मी सांगितला होता."

"कायचा अर्थ?"

"अहस्तांतरणीयचा."

"आन् शिकवता काय तुमी कॉलेजात?"

मी खाली पाहिलं. "मराठी."

दाराआडून हसू फुटलं. तेच हसणं! पण या वेळी ते आवरलं नाही. वंदना नव्या शालूत, डोळे पुसत, भर मांडवात येऊन उभी राहिली.

"बाबा, मले पसंत हायेत हे," ती म्हणाली.

"काई लाज हाय का? खोटारडे लोक हायेत हे!"

"काऊन खोटारडे? खोटं बोलाच्या आधी जे मानसं साऱ्या गावाले भोंग्यावर सांगत येतेत, ते कोनाले फसवतीन बाबा?"

मांडव हसून लोटपोट झाला. वामनराव बराच वेळ गंभीर राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हलू लागलं आणि शेवटी तेही खुर्चीत कोसळून हसू लागले. साक्षगंध झालं. संध्याकाळी मामाने दोन्ही व्याह्यांना आग्रहाने वडसाला नाटकाला नेलं. तिसऱ्या अंकात व्याही सुधारला तेव्हा वामनरावांनी बाबांना कोपर मारलं, असं मामा सांगतो.

आता नाक्यावर कागदाचे पास नाहीत. काचेवर इलेक्ट्रॉनिक टॅग चिकटवतात. परवा आम्ही नवी गाडी घेतली. जुन्या गाडीचा टॅग निरखत मी सहज म्हणालो, "वंदना, यात शिल्लक आहे अजून. शास्त्रशुद्ध अर्थ लावला तर हा नव्या गाडीला..."

ती तडक उठली. स्वयंपाकघरात गेली, उलथणं घेऊन आली आणि माईकसारखं माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली,

"हं, बोला मास्तर. गाव ऐकून राह्यलं."