रांगेचे पूर्व टोक

नोव्हेंबर २०२० मधल्या एका शनिवारी होणारे ऑनलाइन व्याख्यान मी आदल्या गुरुवारी पुढे ढकलले. विषय होता दक्षिण ध्रुवखंडातील एक पर्वतरांग. आमच्या मराठी मंडळाच्या सभासदांना पाठवलेल्या निरोपात कारण ‘तांत्रिक अडचण’ असे होते. ते खरे नव्हते. वक्ते तिथे खरेच गेले होते याची मला खात्री उरली नव्हती.

वक्ते सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या पुढचे. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलीकडे उइटहॉर्न या डच गावी आले आणि अडकले. परतीचे विमान दोनदा रद्द झाले. मुलीनेच मंडळाला कळवले की, बाबा ऐंशीच्या दशकात एका उन्हाळी मोहिमेत अंटार्क्टिकाला गेले होते, त्यांच्याकडे स्लाइड्स आहेत, कुणाला ऐकायचे असेल तर सांगा. गणपती आणि दिवाळी पडद्यावरच झाली होती, कार्यक्रमांचा तुटवडा होता. कार्यक्रमांचे काम माझ्याकडे होते. जवळच्या नीउ-व्हेनेपला राहायला येण्याआधी मी पुण्यातल्या एका दैनिकात अकरा वर्षे उपसंपादक होते, म्हणून परिचयाचा मजकूरही माझ्याकडेच आला.

परिचय लिहिण्यासाठी मी दोन गोष्टी तपासल्या. त्या मोहिमेच्या सदस्यांची छापील यादी इंटरनेटवर मिळाली. तीत त्यांचे नाव नव्हते. मग त्यांनी पाठवलेले सहा फोटो उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहिले. ही रांग बर्फाच्या जाड थरात जवळजवळ बुडालेली आहे. वर दिसतात ते फक्त शेंडे. पूर्व टोकाला सुळक्यासारखे एक शिखर आहे, पश्चिमेला रुंद हिमनदी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची तुकडी उत्तरेकडून, किनाऱ्याजवळच्या तळावरून गेली होती. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले तर पूर्व डावीकडे येते. म्हणजे सुळका डावीकडे हवा. सहाही फोटोंत तो उजवीकडे होता. फोटो रांगेच्या पलीकडून काढलेले असावेत, दुसऱ्या रांगेचे असावेत किंवा कुठल्या तरी मासिकातून उचललेले असावेत. चौथी शक्यता मला सुचली नाही.

बुधवारी मी त्यांना ईमेल पाठवली. ‘पडताळणीसाठी चार प्रश्न’ असे शीर्षक दिले. चौथा प्रश्न असा होता: ‘मोहिमेच्या चार महिन्यांत आपण नेमके कुठे होता, याचा काही कागद आहे का?’ वृत्तपत्रात असे वाक्य रोज लिहिले जाते. वक्त्यांचा म्हणून दिलेला ईमेल पत्ता मुलीचा होता, हे माझ्या लक्षात होते. त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता.

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला.

“तुला काय म्हणायचंय? बाबा गेलेच नव्हते?”

“मी विचारलंय फक्त.”

“मी चार वर्षांची होते. बाबा परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, मी कपाटामागे लपले होते म्हणे. आई जाईपर्यंत त्या दिवसांबद्दल एकच बोलायची, ‘होते कुठेतरी.’ मला वाटायचं, रागाने म्हणते. अंटार्क्टिकाला नव्हते, तर कुठे होते गं?”

व्याख्यान मी त्याच दुपारी पुढे ढकलले.

तिने वडिलांना ईमेल दाखवली. आपल्या मनात काय आले ते सांगितले नाही. त्यांनी मला फोन करून मूळ स्लाइड्स पाहायला बोलावले. साथीमुळे घरी पाहुणे बोलावण्यावर मर्यादा होती, म्हणून आम्ही नदीकाठच्या बाकाजवळ भेटलो. त्यांनी स्लाइड्सचा डबा बाकावर ठेवला, चार पावले मागे गेले आणि म्हणाले, “घ्या. पेपरवाल्यांना स्वतःचं घर पेटलं तरी दोन साक्षीदार लागतात.”

“काका, यादीत तुमचं नाव नाही.”

“यादी आधी छापली. ज्याचं नाव आहे तो वैद्यकीय तपासणीत नापास झाला. निघायला नऊ दिवस असताना मला बोलावलं. आता विचारा, त्याचा कागद आहे का.”

“आहे का?”

“नाही.”

स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर एका बाजूला शाईने आकडे लिहिलेले होते. आकडे सरळ बाजूला लिहितात, म्हणून ते माझ्याकडे ठेवून मी स्लाइड आकाशाकडे धरली. सुळका डावीकडे होता. दुसरी धरली. डावीकडे. जावयाने लॉकडाउनमध्ये मागवलेल्या छोट्या स्कॅनरमध्ये सगळ्या स्लाइड्स उलट्या बाजूने घातल्या होत्या; डावे-उजवे बदलले होते. चित्रांत कुठे अक्षर नव्हते, त्यामुळे कुणालाच कळले नाही. मी त्यांना हे सांगितले आणि माफी मागितली.

“जावई हुशार आहे,” ते म्हणाले. “अख्खा डोंगर फिरवला. आम्हाला हेलिकॉप्टर लागलं होतं.”

घरी जाऊन मी तिला फोन केला. फोटो उत्तर बाजूनेच काढलेले आहेत, चूक स्कॅनिंगची होती, असे सांगितले. ती म्हणाली, “बरं. पण काढले कुणी?”

प्रश्न बरोबर होता. स्लाइड्सवर काढणाऱ्याचे नाव नव्हते. एकाही चित्रात ते स्वतः नव्हते. मोहिमेतल्या एका सदस्याचा पत्ता मी मिळवला आणि त्याला लिहिले. उत्तर आले नाही. त्याच आठवड्यात तिने आईची जुनी पत्रे तपासली. त्या चार महिन्यांतले एकही पत्र नव्हते. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते, पण तिने ते मला दोनदा सांगितले.

व्याख्यान डिसेंबरमध्ये झाले. परिचयात मी फक्त त्यांचे खाते आणि विषय सांगितला. ‘मोहिमेचे सदस्य’ हे शब्द गाळले. ते त्यांच्या लक्षात आले असावे. ते वरच्या खोलीतून बोलत होते. मुलगी खाली स्वयंपाकघरातून, दुसऱ्या लॅपटॉपवरून बैठकीत आली होती. तिचा कॅमेरा बंद होता.

ते बेताचे बोलले. रांगेचे पहिले नकाशे परदेशी मोहिमांनी विमानातून घेतलेल्या फोटोंवरून तयार झाले. जमिनीवर मोजून ठरवलेले पक्के बिंदू नसल्यामुळे शिखरे नकाशात भलतीकडे सरकली होती. असे बिंदू ठरवणे हे त्यांचे काम. हवेत धूळ नाही, म्हणून अंतर कळत नाही. तासाभराचा वाटलेला खडक गाठायला दिवस गेला. वाऱ्याने खडकाभोवतीचे बर्फ कोरून खंदक केले होते. समुद्रापासून इतक्या आत, त्या खडकांच्या फटींत पांढरे पक्षी घरटी करतात. जवळ गेले की पोटातले तेल अंगावर थुंकतात. “माझ्या स्वेटरवर उडालं,” ते म्हणाले. “तो वास बोटीवर गेला नाही, बंदरावर गेला नाही, घरापर्यंत आला.”

झूटरमेरच्या एका गृहस्थांनी विचारले, “काका, पेंग्विन?”

“डोंगरात पेंग्विन नसतात. ते शहाणे आहेत.”

त्यानंतर लेखी प्रश्नांच्या खिडकीत मुलीचा प्रश्न आला. तो मी जसाच्या तसा वाचून दाखवला: ‘तो स्वेटर घरी आल्यावर कुठे ठेवला होता?’

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. “घरात नाही. तुझ्या आईने उंबरठा ओलांडू दिला नाही. गॅलरीबाहेरच्या पाइपला सुतळीने बांधला होता. पावसाळ्यापर्यंत. तू त्याला ‘घाणेरडे बाबा’ म्हणायचीस आणि मला ‘काका’.”

काही जण हसले. आणखी दोन प्रश्न झाले, आभार झाले, लोक एकेक करून बाहेर पडले. पडद्यावर तीन खिडक्या उरल्या: त्यांची, तिची आणि माझी. काकांना बैठकीतून बाहेर कसे पडायचे ते माहीत नव्हते. ते तसेच बसून होते. तिने मला एका ओळीचा निरोप पाठवला: ‘तू जा, मी बंद करते.’ मी बैठकीचा ताबा तिच्याकडे दिला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खात्यावर बैठकीची नोंद पाहिली. मी गेल्यानंतर बैठक आणखी एकेचाळीस मिनिटे चालू होती. उपस्थित: दोन.