सतरा नंबरची हजेरी

प्रिय ईशान आणि मीरा,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसलात — “आजी, तू आईला जंगलात विसरून आली होतीस ना?” शनिवारी तुमच्या शाळेची सहल नैरोबीला लागून असलेल्या नॅशनल पार्कात जाणार, म्हणून विषय निघाला आणि तुमच्या आईनं गंमत म्हणून सांगून टाकलं. तेव्हा आता माझी बाजूही वाचा. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. वर्गात कुणी असलं काही बोललं तर मी बाकावर उभं करायचे. पण मी विसरले नव्हते...

ऐंशीच्या दशकाची अखेर. आम्ही तेव्हा रामनगरला राहत होतो, मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. दांडेलीच्या अभयारण्यात, कुळगीला सहल नेली — सव्वीस मुली आणि मी, भाड्याच्या मेटाडोरमधून. तुमची आई नीता सहावीत, माझ्याच वर्गात, हजेरी नंबर सतरा. शाळेत तिनंही मला ‘बाई’च म्हणायचं, हा माझा नियम. त्या दिवशी तिला सर्दी झाली होती.

वाट दाखवायला जवळच्या गुंद गावचे सोमाकाका होते. भातशेती करणारे, रानात वाढलेले. जनावरं पाहायच्या मनोऱ्याकडे जाताना नीता सारखी मागे राहत होती, मी तिला दोनदा नावानं दटावलं. वर चढून गवे पाहिले, उतरलो, आणि मी हजेरीची वही उघडली. सकाळचे अकरा वाजले होते. सोमाकाका पुढे आले.

“बाई, मघापास्नं बघतोय. रानात नाव घेऊन हाक मारू नगा. आमी नुसता ‘कूऽऽ’ करून कुकारा घालतो, न्हाईतर टाळी वाजवतो.”

“सव्वीस मुलींची हजेरी टाळ्यांनी घेऊ?”

“मुंडकी मोजा की!”

“आणि नाव घेतलं तर?”

“नाव ऐकलं की ओ द्यायला कुणीबी येतंय.”

मुली फिदीफिदी हसल्या. मला राग आला, म्हणून मुद्दाम मोठ्यानं नावं घेतली. मान वर करून पाहिलं नाही — ती चूक माझी, कबूल.

“सतरा, नीता.”

“हजर, बाई.”

नाक चोंदलेला आवाज. घरी गेल्यावर आल्याचा काढा द्यायला हवा, असं तेव्हा मनात आलेलंसुद्धा मला आठवतं. मी खूण केली.

वीस मिनिटं चालून मेटाडोरपाशी आलो. सगळ्या बसल्या, आणि खिडकीजवळची एक जागा रिकामी राहिली.

मी परत धावले. “नीता!” म्हणून ओरडले, तर सोमाकाका खेकसले, “आता तरी तोंड मिटा, बाई!” ते कुकारे घालत पुढे, मी मागे... असे दोन तास. ते दोन तास मी कुणाला कधी सांगितले नाहीत, तुम्हालाही सांगणार नाही. शेवटी मनोऱ्यापासून अर्ध्या तासावर, ओढ्यापलीकडे, ती एका खडकावर बसलेली दिसली. रडत नव्हती. माझ्यावरच चिडली होती.

“तू इकडून हाक मारलीस म्हणून आले. इथं पोचले तर तू झाडामागं हजेरी घेत होतीस. माझं नाव आलं, मी ‘हजर, बाई’ म्हटलं. मग तुम्ही सगळ्या गेलात कुठं?”

मी सोमाकाकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “माझ्याकडं काय बघताय? सांगितलं तवा ऐकलं न्हाई तुमी.”

हेडमास्तरांचं मत ठरलेलं होतं — कुणीतरी मुलीनं तिच्या वतीनं हजेरी दिली असणार. मी एकेकीला विचारलं. “उळवीच्या देवाची आण बाई, म्या न्हाई,” हेच पंचवीस वेळा ऐकलं. आणि स्वतःच्या मुलीचा आवाज मला कळत नाही का? आवाज तिथवर पोचतो का हे पाहायला पुढच्या रविवारी तुमच्या आजोबांना त्या खडकावर बसवलं आणि मी मनोऱ्याखालून घसा फुटेपर्यंत सगळी नावं ओरडले. परत येऊन आजोबा म्हणाले, “मला फक्त डास ऐकू आले. पुढच्या वेळी तू बस.”

हेडमास्तर म्हणाले, “बाई, सतरा नंबर गैरहजर करून टाका, विषय मिटेल.” मी केला नाही. त्यानंतर मला एकही सहल दिली नाही. आणि तुमची आई? कॉलेजात जाईपर्यंत ती म्हणायला लागली, “लहान होते गं, काहीतरी बोलले असेन. तूच विसरलीस.” जिनं ऐकलं तीच असं म्हणाल्यावर मी कुणापुढे डोकं आपटू?

शनिवारी तुमच्या टीचरनं नावं घेतली, तर त्यांना म्हणावं, मुलांकडे बघून घ्या.

याचा उलगडा मला झालेला नाही. सोमाकाका आता नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत. वही माझ्या कपाटात आहे. सतरा नंबरपुढे निळ्या शाईतली खूण अजून स्पष्ट दिसते.

— आजी