वेलचेरीच्या छतातला हूक

माझ्या वेलचेरीच्या फ्लॅटच्या छतावर पहिला डाग पडला तेव्हा तो पोळीएवढा होता. बरोबर वरच्या फ्लॅटच्या मालकांनी बाथरूममध्ये जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. पाणी खाली झिरपू नये म्हणून काहीच केलं नव्हतं. मी वर जाऊन सांगितलं. ते निवृत्त गृहस्थ. कमरेची पांढरी वेष्टी सावरत दारातच उभे राहिले.

"सार, माझी फरशी कोरडी आहे. ओलं आहे ते तुमचं छत. तुम्ही बघा."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

अंबत्तूरला एका जुन्या लेथवर मी सुरुवात केली. वर्कशॉप उभं राहिलं, त्यातून भाड्याने द्यायला दोन फ्लॅट घेतले. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी जन्मात मान्य केलेला नाही. त्यामुळे असोसिएशनच्या अध्यक्षांनी "खर्च निम्मा निम्मा वाटून घ्या" म्हटलं तेव्हा मी टेबलावर हात आपटून उठलो. गळती त्यांची, निम्मं मी का भरायचं? वरचेही हटले नाहीत. भांडण चालू राहिलं आणि डाग परातीएवढा झाला. मी खरवडून, पुट्टी मारून, रंग देऊन घेतला आणि नवे भाडेकरू ठेवले.

ते तंजावूरकडचं मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघंही आयटीत, तान्हं बाळ, आणि ते सांभाळायला आलेली बायकोची आई. आजीबाई तमिळ हेल काढून जुनं मराठी बोलत. ते ऐकून मी खूश झालो होतो.

इकडचा दिवाळीनंतरचा पाऊस लागला आणि एके सकाळी आजीबाईंच्या जावयाने ऑफिसला जाता जाता फोटो पाठवला. "अंकल, बेडरूमचं प्लास्टर पडतंय." वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या मी फोटो मोठा करून पाहिला. छताचा पोपडा निघाला होता, आत तांबूस सळई दिसत होती. लोखंड हा माझा धंदा. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. वरच्यांच्या नावाने मी एक शिवी घातली. मग फोटोच्या कडेला पिवळं कापड दिसलं. ताणलेलं.

इकडे बऱ्याच घरांत स्लॅब ओततानाच छताला लोखंडी हूक घालतात. त्याला साडी बांधून बाळाची झोळी करतात, तिला म्हणतात तूळी. माझ्या फ्लॅटचा हूक त्या डागाच्या कडेलाच होता. रंगाऱ्याने त्यावरूनही पांढरा हात फिरवला होता. छान दिसत होता.

जावयाचा फोन लागेना, त्याच्या बायकोचाही. गाडी काढली. गिंडीला पाणी तुंबलेलं, पुढची बस जागची हलेना. शेवटी आजीबाईंना लावला, त्यांनी उचलला.

"हळू बोला हो. लेकरू आत्ताच निजलंय."

"कुठे निजलंय?"

"तूळीत. आणि कुठे?"

"काढा त्याला! आधी बाहेर काढा! छत पडेल!" मी इतका ओरडलो की शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"अय्यो, ओरडताय काय असं? उठेल ना!" आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात. माझा आवाज पहिल्यापासून असाच आहे. त्यावर मी कित्येक सौदे जिंकलेत. त्या दिवशी बसच्या मागे अडकून मी नुसता काचेवरचं पाणी बघत होतो आणि डोळ्यांपुढे ती गंजलेली सळई.

पोचलो तेव्हा आजीबाईंनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. आत झोळी हलत होती. प्रत्येक झोक्याला हुकाच्या बुंध्यातून पिठासारखी बारीक भुकटी गळत होती. मी धावत जाऊन झोळी खालून दोन्ही हातांनी तोलून धरली आणि म्हणालो, "उचला." बाळ रडायला लागलं.

मग मी साडीला हिसका दिला. हूक हलला नाही. अजून जोरात ओढलं. तरी नाही.

"पाहिलंत?" आजीबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "घट्ट आहे. उगीच उठवलंत. आता निजवायला तुम्हीच बसा."

मी तसाच वर गेलो. वेष्टीवाले दारात आले.

"निम्मं देतो," मी म्हणालो. "आजच फरशी फोडायला लावा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मजुरी धरून निम्मं, सार."

"धरा."

मी घासाघीस केली नाही, त्यालाच ते घाबरले असावेत. चपला घालून माझ्यामागून खाली आले. इतक्या दिवसांच्या भांडणात त्यांनी ते छत एकदाही पाहिलं नव्हतं. वर बघितलं, बाळाकडे बघितलं, आणि गवंड्याला स्वतःच फोन लावला.

गवंडी दुपारी आला. हुकाशेजारी छिन्नीचे थोडे घाव बसले आणि हूक खाली आला, टोपलीएवढा काँक्रीटचा तुकडा घेऊन. खालची फरशी तडकली. आजीबाई बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

गळती त्यांची होती, हे मी आजही म्हणतो. निम्मं भरलं ते मला आजही खुपतं. पण खाली पार्किंगमध्ये थांबून मी अंबत्तूरमधल्या माझ्या दुसऱ्या फ्लॅटवर फोन लावला. तिथे कारच्या कारखान्यात काम करणारी पुण्याची चार मुलं राहतात; एकाने उचलला.

"हॉलमधल्या हुकाला काही टांगलंय का रे?"

"हो, पंचिंग बॅग आहे, काका. का?"


"छत बघ," मी म्हणालो. या वेळी हळू आवाजात. "कुठे ओल दिसते का?"

"ओल नाही," तो म्हणाला. "पोळीएवढा एक डाग आहे फक्त."