हद्दीत आलेलं घर

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा माहेरचं घर जागेवर नव्हतं. घरकुल मंजूर झालं म्हणून बापूंनी जुनं घर पाडलं होतं. नव्या भिंती छातीएवढ्या आल्या आणि तेवढ्यात आमचा तांडा शहराच्या हद्दीत घ्यायचं ठरलं. बांधकाम तिथंच अडलं. आई-बापू बैलांच्या गोठ्यात राहत होते. माझी बाज तिथंच टाकली.

ग्रामसेवक म्हणाले, "तुमी आता शहरात चाललात. पुढचा हप्ता आमच्याकडून न्हाई."

बापू नगरपालिकेत गेले. तिथले साहेब म्हणाले, "शेवटचा आदेश आला नाही. तोवर तुम्ही गावातलेच."

"मंग आमी हाव तरी कोणाचे?" बापूंनी विचारलं. साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

हद्दवाढीवर हरकती ऐकायचा दिवस आला, तेव्हा तांड्यातले सगळे टेम्पोत बसून कलेक्टर कचेरीत गेले. मला आठवा लागला होता, तरी मीही गेले. एरवी चौघांत तोंड न उघडणारे बापू उभे राहिले.

"साहेब, शहरात घ्या, न्हाईतर घेऊ नका. पण माझ्या पोरीचं लेकरू गोठ्यात जन्मायला नको. भिंती तेवढ्या पुऱ्या करू द्या."

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. "हरकत नोंदवली," म्हणाले. बापूंनी हात जोडले. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "नोंदवली म्हंजी व्हय का न्हाई?"



पुढं आदेश आला. आम्ही शहरवासी झालो. रोजगार हमीचं काम बंद झालं आणि गावाकडचं घरकुल रद्द झालं. शहराच्या योजनेत अर्ज करायला जागेची मोजणी लागत होती, आणि मोजणीवाले येत नव्हते. माझे दिवस भरत आले. एका सकाळी आईनं बापूंना न विचारताच त्या छातीएवढ्या भिंतींवर पत्रे टाकले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले. दवाखान्यातून मी मुलीला घेऊन त्याच खोलीत आले. आत सरळ उभं राहता येत नव्हतं. दुपारी पत्रा तापला की लेकरू रडायचं, आणि मी तिला घेऊन पुन्हा गोठ्यात जायची.

नगरपालिकेचा माणूस आला. "हे विनापरवाना आहे. काढून घ्या."

आई दारात बसली होती. ती उठली नाही. "काढते. पण आमी जायचं कुठं, ते आधी सांगा."

तो मोटारसायकल वळवून निघून गेला.

मला न्यायला जवळा बाजार गावाहून सासरची माणसं आली, तेव्हा मी बापूंना म्हटलं, "तुमी दोघं चला माझ्याकडं. मोजणी होईपर्यंत तरी."

"आन् आमी तिकडं असताना मोजणीवाले आले तर?" बापू म्हणाले. "जागा रिकामी दिसली तर कोणाची म्हणून लिहितील?"

मी आईकडं पाहिलं. ती माझ्या मुलीची कुंची बांधत होती. "निघा," म्हणाली, "ऊन व्हायच्या आत."