मेलेल्या कुत्र्याचं काळीज नेणारा

खुर्सीपारमधलं माझं भंगाराचं दुकान मी एका हातगाडीवरून उभं केलं, तरी गल्लीत कोणी खोकलं की बोट माझ्याकडेच. म्हणून आमचं राखणीचं कुत्रं मेलं आणि जनावरांच्या कॉलेजातला एक माणूस डबा घेऊन दारात आला, तेव्हा मी आधीच तापलो.

"तक्रार कोणी केली?"

"कोणीच नाही, काका. मेलेल्या कुत्र्यांच्या काळजात, गुर्द्यात किती शिसं साचलं, ते आम्ही तपासून राहिलो."

"मग माझ्याच दारात काहून?"

तो चिडला नाही. खाली बसून कुत्र्याच्या पंजातली काळी माती हळूहळू पुसत राहिला, जणू ते झोपलं आहे. कुत्रं पडलं होतं त्याच अंगणात आम्ही शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडायचो.

"कुत्रं पंजे चाटते," तो म्हणाला. "इथं अजून कोण खेळते?"

माझी तीन वर्षांची नात मागे मातीच्या भाकरी थापत होती. आयुष्यभर समोरच्याचं पहिलं बोलणं मी कधी मानलं नाही, पण या वेळी मी जाऊन आधी तिचे हात धुतले.

कुत्र्याचं काळीज डब्यात घेऊन तो गेला; रिपोर्ट महिन्याने येणार होता. मी त्याच दुपारी सुनेला आणि नातीला कोहक्याला, सुनेच्या माहेरी पाठवलं. सुनेने कारण विचारलं, तेव्हा घराला रंग द्यायचा आहे, असं सांगितलं.